मुंबईतील मॅरेथॉन शर्यत : निवडक धावपटू आणि संघाचा प्रश्न

सन १९२० च्या ऑगस्ट महिन्यात, २२ तारखेस, बेल्जममधील अँटवर्प येथे झालेल्या ऑलिंपिक मॅरेथॉन शर्यतीत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत अंतर पुरे करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या वर्षी शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे पुढे कायम झालेल्या ४२.१९५ किलोमीटरांहून अर्ध्या किलोमीटरने अधिक होते. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिले आले. पहिल्या व एकोणिसाव्या क्रमांकांत अठरा मिनिटांची तफावत पडली हे खरे. तथापि ज्या धावपटूस तोपर्यंत परदेशी शर्यतीचा कसलाही अनुभव नव्हता, त्याची ही कामगिरी उपेक्षणीय म्हणता येत नाही. चौगुले यांच्या पुढे, सोळाव्या स्थानी, जपानचे शिझो कानाकुरी होते. चौगुले यांच्या मागोमाग विसाव्या, एकविसाव्या आणि चोविसाव्या स्थानांवर आणखी तीन जपानी धावपटू आले. भारताचे दुसरे स्पर्धक सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

निकालाचा हा कागद दोन रीतींनी वाचता येतो. व्यक्तिशः पाहिल्यास चौगुले हे चारांपैकी तीन जपान्यांहून सरस ठरले. देशशः पाहिल्यास जपानचे चार धावपटू पहिल्या चोविसांत आले आणि भारताचा एकच आला. पुढील शंभर वर्षांत महाराष्ट्रात, आणि विशेषतः मुंबईत, रस्त्यावरील लांब पल्ल्याची शर्यत जवळजवळ सर्वदा पहिल्याच रीतीने वाचली गेली. असे का झाले, आणि त्याचा परिणाम धावणाऱ्यावर काय झाला, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय.

अँटवर्पच्या पथकाची पूर्वपीठिका मुंबई-पुण्याच्या वाचकांस सामान्यतः परिचित आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे आले आणि तेथील मैदानी स्पर्धांस ते उपस्थित राहू लागले. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या प्रसंगाची हकीकत नमूद केली आहे. स्पर्धक बहुतेक शेतकरी वर्गातील तरुण होते, धावण्याच्या शास्त्रशुद्ध नियमांचा त्यांस गंधही नव्हता. मात्र सुमारे पंचवीस मैलांच्या शर्यतीत अनवाणी पायांनी त्यांनी जी वेळ दिली ती युरोपातील वेळेशी तुलना करण्याजोगी होती, असा त्या हकिकतीचा मथितार्थ आहे. त्या अनवाणी धावणाऱ्यांतूनच अँटवर्पला जाणाऱ्यांची निवड झाली आणि खर्चाचा मोठा वाटा टाटा यांनी उचलला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. निवडीचा उद्देश उत्तम धावणारा माणूस शोधणे हा होता. धावणाऱ्यांची परंपरा निर्माण करणे हा नव्हता. पुणे, सातारा, बेळगाव या भागांतील वाटांवर चालून-धावून तयार झालेले काटक पाय आयते मिळाले होते, आणि ते उचलून आगबोटीवर चढविणे एवढेच कार्य उरले होते. आश्रयदात्याच्या औदार्यास याने उणेपणा येत नाही. पण औदार्य आणि व्यवस्था या दोन भिन्न वस्तू आहेत.

याच वर्षी जपानात काय घडले ते पाहिले म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. अँटवर्पच्या शर्यतीपूर्वी सहा महिने, फेब्रुवारी १९२० च्या १४ व १५ तारखांस, टोकियो ते हाकोने आणि परत अशी टप्प्याटप्प्यांची शर्यत प्रथम भरली. तिच्या पुरस्कर्त्यांत स्वतः कानाकुरी प्रमुख होते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये उन्हाने व्याकुळ होऊन त्यांस मध्येच शर्यत सोडावी लागली होती. एकट्यादुकट्या धावपटूला परदेशी धाडून काम भागत नाही, एकाच वेळी पुष्कळ तरुण लांब पल्ल्यास लावले पाहिजेत, या विचारातून त्यांनी महाविद्यालयांचे संघ रस्त्यावर आणले. पहिल्या वर्षी चारच संस्था उतरल्या. प्रत्येक संघात दहा जण, प्रत्येकाचा एक टप्पा, आणि हातोहात पुढे जाणारा एक पट्टा. ती शर्यत, युद्धकाळातील खंड वगळता, अद्याप दरवर्षी भरते. तिचे वैशिष्ट्य असे की, दहावा धावपटू जितका महत्त्वाचा तितकाच पहिला. कोणाही एकाचे पाय घसरले की साऱ्या संघाचा पट्टा अडतो. त्यामुळे प्रत्येक संस्थेस एक तेजस्वी धावपटू पुरत नाही, दहा चांगले धावपटू तयार करावे लागतात. अँटवर्पला सोळावा आलेला मनुष्य परत जाऊन अशा व्यवस्थेचा पाया पक्का करण्यास लागला. एकोणिसावा आलेला मनुष्य बेळगावास परतला. त्याचा गौरव झाला, आणि त्याच्यामागे काहीही उभे राहिले नाही. चौगुले यांचा यात दोष नव्हता.

संघगणना ही काही जपानी कल्पना नव्हे. रानावनातून धावण्याच्या इंग्रजी शर्यतींत ती एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. तिची रीत साधी आहे. एका संघाच्या ठराविक धावपटूंचे क्रमांक मिळवावयाचे, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजयी मानावयाचा. १९१२, १९२० आणि १९२४ या तीन ऑलिंपिक स्पर्धांत अशा शर्यतीचा अंतर्भाव होता. पॅरिसच्या भयंकर उन्हात १९२४ साली बहुसंख्य धावपटू कोसळल्यानंतर ती रद्द झाली. रस्त्यावरील शर्यतींत क्रमांकांऐवजी वेळांची बेरीज करण्याची पद्धत पडली. तिघांच्या वेळा मिळवून जागतिक अर्धमॅरेथॉन स्पर्धेत देशांचा अनुक्रम ठरतो. ऑक्टोबर २००४ मध्ये ही स्पर्धा नवी दिल्ली येथेच भरली होती, म्हणजे भारतीय संयोजकांस ती अपरिचित होती असे म्हणण्यास जागा नाही. दोन्ही रीतींचा परिणाम एकच होतो : तिसरा धावपटू मागे पडू नये याची चिंता पहिल्यास वाटू लागते. वैयक्तिक शर्यतीत तिसरा मागे पडला तर पहिल्यास आनंदच होतो.

भारतात लांब पल्ल्याचे धावणे १९२० नंतर हळूहळू सैन्याच्या आश्रयास गेले. १९५१ साली दिल्लीस झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धांत मॅरेथॉनचे सुवर्णपदक छोटा सिंग यांनी मिळविले. पुढे बिहारातील बक्सर भागातून आलेले आणि सैन्यात घडलेले शिवनाथ सिंग १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावे आले. दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, त्यांनी जालंधर येथे दिलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चार दशकांहून अधिक काळ भारतीय उच्चांक म्हणून अबाधित राहिली. हेही बराच काळ अनवाणी धावणारे. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरील शेतकरी तरुण आणि हा शिपाई यांच्यामधील साम्य केवळ पायांपुरते नाही. दोघेही व्यवस्थेने घडविलेले नसून व्यवस्थेस सापडलेले होते. फरक इतकाच की सैन्याने शिपायाच्या पोटापाण्याची आणि रोजच्या सरावाची सोय लावून दिली.

मुंबईची स्थिती याहून चमत्कारिक आहे. खेळ संघाने खेळावयाचा, हे या शहराच्या मध्यभागाइतके दुसऱ्या कोणत्या भागात मुरलेले असेल असे वाटत नाही. गिरगावातील वाड्या, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर आणि अमर हिंद मंडळ, परळ-लालबागच्या चाळींतील असंख्य मंडळे, या सर्वांचे जीवन हुतूतू, खो-खो, लेझीम आणि गोविंदा यांभोवती गुंफलेले होते. हुतूतूचा खेळाडू मंडळाच्या नावाने ओळखला जाई. कबड्डीचे संघ कार्यालयांनी आणि उद्योगसंस्थांनी पोसले. चांगल्या चढाईपटूस नोकरी मिळे. क्रिकेटमध्ये १९३० च्या सुमारास सुरू झालेली टाइम्स ढाल स्पर्धा कचेऱ्यांच्या संघांची, आणि १९४८ पासूनची कांगा लीग क्लबांची. शिवाजी पार्कवर एकाच वेळी अनेक खेळपट्ट्यांवर चाललेल्या सामन्यांतील खेळाडूंस विचारले तर प्रत्येकाने आपल्या संघाचे नाव आधी सांगितले असते. याच शिवाजी पार्कच्या कट्ट्याला वळसे घालीत धावणारा माणूस मात्र कोणाचाच नव्हता. धावणाऱ्यास मंडळ नव्हते.

त्याची कारणे शोधावयाची तर ती खेळाच्या स्वरूपात आणि कामगाराच्या दिनक्रमात आढळतात. हुतूतूस चाळीपुढील अंगण पुरते, वेळ पाऊण तासाची. लांब पल्ल्याच्या धावण्यास रोज दीड-दोन तास, सकस आहार आणि, जे सर्वांत दुर्मीळ, झोप लागते. पाळीने काम करणाऱ्या गिरणी-कामगारास यांपैकी एकही वस्तू मुबलक नव्हती. शिवाय मंडळास जे दाखवावयाचे असते, म्हणजे गल्लीपुढे, गल्लीसाठी जिंकणे, ते दहा मैलांवर धावत गेलेला माणूस दाखवू शकत नाही. तो दिसेनासा होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्यांबरोबर त्यांच्या आधारे उभी असलेली क्रीडासंस्कृतीही खचत गेली. धावण्याचा संघ जन्मास येण्यापूर्वीच त्याचा संभाव्य आश्रयदाता नाहीसा झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुण्यात १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. मुंबईस आज परिचित असलेली शर्यत आणखी एकवीस वर्षांनी आली.

ती १५ फेब्रुवारी २००४ रोजी प्रथम भरली. पहिल्या आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या हेन्ड्रिक रामाला यांनी २ तास १५ मिनिटे ४७ सेकंद घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यू यॉर्कची शर्यतही त्यांनीच जिंकली. म्हणजे मुंबईच्या आरंभीच्या निमंत्रितांचा दर्जा हलका नव्हता. बोरीबंदरच्या स्थानकासमोरून निघून मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, पेडर रोड, हाजी अली, वरळी, माहीम, वांद्रे असा मार्ग. पुढे सागरी सेतू झाल्यावर तोही त्यात आला. परतताना माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी असे करीत धावणारा पुन्हा पेडर रोडच्या चढास लागतो, आणि तोवर पस्तीसेक किलोमीटर पायांखालून गेलेले असतात. परळ आणि लालबाग या मार्गाच्या पूर्वेस राहतात. रस्त्यांची रुंदी आणि वाहतूक हीच त्याची साधी कारणे असावीत, त्यात हेतू शोधण्याचे प्रयोजन नाही. मात्र ज्या वस्तीने शहराला सांघिक खेळ शिकविला ती वस्ती या शर्यतीस बाजूने पाहते, ही वस्तुस्थिती राहतेच.

या शर्यतीची रचना तपासून पाहण्यासारखी आहे. तीत हजारो हौशी धावणारे असतात. त्यांचा प्रारंभ पहाटे अंधारात होतो. ज्यांस इंग्रजी शब्दानेच ‘एलिट’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्या निमंत्रित धावपटूंचा प्रारंभ उजाडल्यानंतर होतो, कारण ती दूरचित्रवाणीवर दाखवावयाची शर्यत असते. मुंबईच्या दमट हवेत हा दीड-दोन तासांचा विलंब वेगास मारक आहे. जागतिक संघटनेकडून शर्यतीस जो सुवर्ण दर्जा मिळतो त्यासाठी निरनिराळ्या देशांचे, विशिष्ट योग्यतेचे धावपटू आणावे लागतात. म्हणून केनिया, इथिओपिया, युगांडा, टांझानिया येथील धावपटूंस निमंत्रण, प्रवासखर्च आणि बक्षीस यांच्या करारावर बोलाविले जाते. त्यांच्याच बरोबर, त्याच रेषेवरून, भारतीय निवडक धावपटू निघतात. परंतु त्यांच्यासाठी बक्षिसांची शिडी निराळी असते. अलीकडच्या वर्षांत सर्वसाधारण विजेत्यास ५०,००० डॉलर, तर भारतीयांतील पहिल्यास पाच लक्ष रुपये अशी व्यवस्था राहिली आहे.

ही दुसरी शिडी कशासाठी, हे समजणे कठीण नाही. ती नसती तर भारतीय धावपटूच्या हाती काहीच पडले नसते, आणि ज्या घरांतून हे धावपटू येतात त्या घरांत पाच लक्ष रुपयांनी जमिनीचा तुकडा सुटतो किंवा बहिणीचे लग्न पार पडते. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या दुष्काळी भागातून आलेल्या ललिता बाबर यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला. परभणीच्या ज्योती गवते २०१७ मध्ये पहिल्या आल्या. मराठवाड्यातून आणि माणदेशातून मुंबईच्या रस्त्यावर येण्याचे कारण या मुलींस त्या बक्षिसाने पुरविले. याविरुद्ध बोलणाऱ्याने आधी त्यांच्या गावी जाऊन यावे.

तथापि शिडीची एक बाजू अशी आहे की, ती वेळेस नव्हे तर क्रमांकास मोबदला देते, आणि तोही केवळ भारतीयांतील क्रमांकास. भारतीय धावपटू एका शर्यतीत उतरतो खरा, पण धावतो दुसरीत. पुढचा आफ्रिकी गट पहिल्या किलोमीटरांतच सुटून जातो. त्याच्याशी आपला हिशेब नाही हे त्याला ठाऊक असते. मागे उरतात पाच-सहा भारतीय, आणि त्यांत प्रत्येकाचा स्वार्थ हा की दुसऱ्याने पुढे राहून वारा झेलावा. अशी शर्यत स्वाभाविकपणे मंदावते. आकडे पाहावेत. भारतीय पुरुषांतील विजेत्याची वेळ २०१७ मध्ये २:१९:५१, २०१८ मध्ये २:१६:५१, २०१९ मध्ये २:१५:५२, २०२० मध्ये २:१८:४४, आणि साथीमुळे पडलेल्या दोन वर्षांच्या खंडानंतर २०२३ मध्ये २:१६:४१ व २०२४ मध्ये २:१७:२९ अशी आहे. या आकड्यांत वर जाणारी वा खाली येणारी कोणतीही रेषा ओढता येत नाही. सर्वसाधारण विजेत्याची वेळ त्याच वर्षांत २:०९:३२ वरून २:०७:३२ पर्यंत आली. रामाला यांनी २००४ मध्ये जी वेळ देऊन शर्यत जिंकली, बरोबर तिच्या एक सेकंद मागे, २:१५:४८ ला, २०१६ मध्ये सर्वोत्तम भारतीय पोहोचला. पण त्या वर्षी शर्यत जिंकणारे केनियाचे गिडियन किपकेटर २:०८:३५ ला घरी आले होते. प्रत्येक किलोमीटरास सुमारे दहा सेकंदांचा हा फरक आहे.

आता, जे आफ्रिकी धावपटू वैयक्तिक बक्षिसासाठी धावतात असे आपण समजतो, ते खरोखर एकटे धावतात काय? येथे सामान्य प्रेक्षकाची समजूत चुकीची ठरते. पुढच्या गटात काही जण जिंकण्यासाठी उतरलेलेच नसतात. ठरलेला वेग तीसेक किलोमीटरांपर्यंत राखून देणे आणि मग बाजूस होणे, हे त्यांचे मोबदल्याचे काम. धावणारे त्यांस ‘पेसर’ म्हणतात. शिवाय गटातील पुष्कळसे एकाच देशाच्या, कित्येकदा एकाच पठारावरील सराव-छावणीतून आलेले असतात आणि एकाच दलालाच्या हाताखाली असतात. पंचवीस-तीस किलोमीटरांपर्यंत ते एकमेकांच्या आडोशाने, आळीपाळीने पुढे होत धावतात; भांडण शेवटच्या दहा किलोमीटरांत सुरू होते. बक्षीस एकट्याचे, पण वेग सामुदायिक, अशी ही रचना आहे. निकालपत्रात संघ नसतो, रस्त्यावर मात्र असतो. भारतीयांच्या बाबतीत निकालपत्रातही संघ नव्हता आणि रस्त्यावरही नव्हता.

याला दोन अपवाद झाले, आणि तेच या विषयातील सर्वांत उद्बोधक प्रकरण होय.

पहिला अपवाद जानेवारी २०१५ मधील महिलांच्या शर्यतीचा. केरळच्या ओ. पी. जैशा यांनी २:३७:२९ अशी वेळ देऊन एकोणीस वर्षे टिकून राहिलेला भारतीय उच्चांक मोडला. दुसऱ्या आलेल्या ललिता बाबर यांची वेळ २:३८:२१, तिसऱ्या सुधा सिंग यांची २:४२:१२. तिघींनाही त्या वर्षीच्या बीजिंग येथील जागतिक स्पर्धेची पात्रता मिळाली. या तिघी एकाच प्रशिक्षकाच्या, निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या, हाताखाली एकत्र सराव करणाऱ्या होत्या. त्यांपैकी ललिता व सुधा या मुख्यतः तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या धावपटू. ललिता बाबर पुढल्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचून दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिक धावमार्गाच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या त्या पहिल्याच भारतीय महिला. मॅरेथॉन हा ज्यांचा मुख्य खेळ नव्हे अशा दोघी दुसऱ्या-तिसऱ्या येतात आणि तिघी मिळून पात्रता गाठतात, याचे स्पष्टीकरण एकेकीच्या शारीरिक गुणांत शोधून सापडणार नाही; ते रोजच्या एकत्र सरावात आहे.

दुसरा अपवाद लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, पुरुषांच्या शर्यतीत घडला. नितेंद्र सिंग रावत, टी. गोपी आणि खेता राम हे तिघे सैन्यातील. दहा हजार मीटरांचे तेव्हाचे भारतीय उच्चांकधारक सुरेंदर सिंग भंडारी हे त्यांचे मार्गदर्शक. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट ही संस्था २००१ पासून अशा शिपाई-खेळाडूंस घडवीत आहे. नावात संघ नसला तरी कामात ती संघच होय. त्या दिवशी गोपी यांच्यावर सोपविलेले काम जिंकण्याचे नव्हते. सोबत्यांना वेग राखून देण्यासाठी, म्हणजे पेसर म्हणून, त्यांस उतरविले होते. ऑलिंपिक पात्रतेची वेळ तेव्हा २ तास १९ मिनिटे होती. ठरल्याप्रमाणे वेग देऊन झाल्यावर बाजूस होण्याऐवजी गोपी धावतच राहिले. रावत २:१५:४८ ला पहिले आले, गोपी २:१६:१५ ला दुसरे, खेता राम २:१७:२३ ला तिसरे. तिघांचीही वेळ पात्रतेच्या आत. ज्याने दुसऱ्यासाठी धावावयाचे ठरविले होते तो स्वतःही ऑलिंपिकपटू झाला.

या तीन वेळांची बेरीज ६ तास ४९ मिनिटे २६ सेकंद भरते. आदल्या वर्षीच्या तीन महिलांची बेरीज ७ तास ५८ मिनिटे २ सेकंद. जागतिक अर्धमॅरेथॉनच्या धर्तीवर ‘संघ’ म्हणून नोंद होण्याजोग्या या संख्या होत; पण मुंबईच्या निकालांत असा रकाना नसल्याने त्या कोणीही मांडल्या नाहीत. ज्या शहरात टाइम्स ढालीच्या सामन्यात अकराव्या खेळाडूच्या धावाही संघाच्या खाती जमा होतात, त्या शहराच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत तिसऱ्या धावपटूची वेळ कोणाच्याच खाती जमा होत नाही. सैन्य, रेल्वे, पोलीस आणि निरनिराळी राज्ये यांचे धावपटू शर्यतीत असतात, त्यांच्या अंगावरील बंडीवर संस्थेचे नावही असते. गणनेस लागणारे सारे साहित्य अशा रीतीने उपलब्ध आहे. उणीव एका रकान्याची आणि एका ढालीची.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, संघगणना सुरू झाल्याने सैन्याचाच संघ वर्षानुवर्षे जिंकेल आणि स्पर्धेत रस उरणार नाही. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु मुंबईच्या क्रिकेटमध्येही एखाददुसरा कचेरी-संघ वर्षानुवर्षे बलाढ्य राहिला, म्हणून इतर कचेऱ्यांनी संघ बांधणे सोडले नाही. उलट त्याला हरविण्यासाठी बांधले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वैयक्तिक बक्षीस हेच गरीब धावपटूचे उत्पन्न. संघासाठी स्वतःचा क्रमांक सोडण्यास त्यास कोणी कसे सांगावे? याचे उत्तर २०१६ च्या शर्यतीतच आहे. गोपी यांस तसे सांगता आले, कारण त्यांचे वेतन शर्यतीच्या बक्षिसावर अवलंबून नव्हते. ज्या परभणीच्या वा माणच्या मुलीस त्या दिवशीचे बक्षीसच वर्षभर पुरवावयाचे आहे, तिला हा त्याग परवडणारा नाही. तेव्हा संघाचा प्रश्न हा शेवटी नोकरीचा प्रश्न ठरतो, आणि १९८२ पूर्वीच्या मुंबईत कबड्डीपटूस जी नोकरी मिळे ती लांब पल्ल्याच्या धावपटूस मिळाली नाही या जुन्या दुव्यापाशी तो परत येतो. रेल्वेने आणि सैन्याने ती काही प्रमाणात दिली. मुंबईतील ज्या कंपन्या या शर्यतीच्या दिवशी आपल्या कर्मचाऱ्यांचे रंगीबेरंगी गट सहा किलोमीटरांच्या हौशी दौडीस धर्मादाय कार्यासाठी उतरवितात, त्यांनी एकेका निवडक धावपटूस नोकरीवर घेऊन त्या गटांस खऱ्या संघाचे स्वरूप दिल्याचे दिसत नाही. टाइम्स ढालीच्या काळातील कचेऱ्यांनी नेमके हेच केले होते.

२०१६ च्या त्या तिघांचे पुढे काय झाले हे नोंदविणे अवश्य आहे. ऑगस्ट महिन्यात रिओ द जानेरो येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये तिघेही उतरले. रावत यांस ती शर्यत मानवली नाही. ते चौऱ्याऐंशीवे आले. गोपी २:१५:२५ या वेळेस पंचविसावे आणि खेता राम २:१५:२६ या वेळेस सव्विसावे आले. दोघांचीही मुंबईतील वेळ मागे पडली, आणि बेचाळीस किलोमीटरांनंतर दोघांमधील अंतर एका सेकंदाचे होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये चीनमधील डोंगुआन येथे गोपी यांनी आशियाई मॅरेथॉन अजिंक्यपद मिळविले; तेथे त्यांची वेळ २:१५:४८, म्हणजे रावत यांनी मुंबईत दिलेलीच होती. त्यानंतर ऑलिंपिक पात्रतेची वेळ टोकियोसाठी २:११:३० आणि पॅरिससाठी २:०८:१० अशी कडक करण्यात आली. यांपैकी पहिलीच शिवनाथ सिंग यांच्या १९७८ च्या उच्चांकाहून अर्ध्या मिनिटाने अवघड. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिक मॅरेथॉन शर्यतींत भारताचा एकही धावपटू नव्हता. जपानचे पुरुष व महिला धावपटू दोन्ही ठिकाणी होते. त्यांतील टोकियोच्या शर्यतीत सहावे आलेले सुगुरु ओसाको हे विद्यार्थिदशेत वासेदा विद्यापीठाच्या संघातून हाकोनेच्या रस्त्यावर धावलेले. १९२० साली त्या शर्यतीत प्रथम उतरलेल्या चार संस्थांपैकी वासेदा ही एक.